ब्रेक एका बाजूचा बदलू नका

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड संपले आहेत आणि उजव्या चाकाचे अजून अर्धे शिल्लक आहेत, तर काय करायचं? माझं उत्तर सरळ आहे. दोन्ही बाजूंचे बदला. आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरा, असं करू नका. पैशांची ओढाताण असेल तर सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, डेंटिंग-पेंटिंग यांपैकी काहीही पुढे ढकला, पण ब्रेकचं काम अर्धवट करू नका.

आधी जोडी कशाला म्हणायचं ते सांगतो, कारण इथेच गोंधळ होतो. जोडी म्हणजे एकाच धुरीवरची डावी आणि उजवी बाजू. पुढची दोन चाकं ही एक जोडी आणि मागची दोन ही दुसरी. पुढचे पॅड बदलले म्हणून मागचेही बदलायला हवेत, असं मुळीच नाही. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची चाकं करतात आणि पुढचे पॅड मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. यात बिघाड काही नाही. डावं आणि उजवं यांच्यात मात्र असा फरक पडता कामा नये.

पॅडचा नवा डबा उघडून पाहा. त्यात चार पॅड असतात, एका चाकाला आतला आणि बाहेरचा असे दोन, म्हणजे दोन चाकांचे चार. कंपनीच धुरीचा सेट करून विकते. ड्रम ब्रेकचे शू, ज्यांना आपण लायनर म्हणतो, तेही असेच चारच्या सेटमध्ये येतात. मग मिस्त्रीने तुमच्या एकाच चाकाला दोन पॅड बसवले, तर उरलेले दोन कुठे गेले हे विचारा. ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसणार असतील, नाहीतर तुमच्या चाकात बसलेले दोन दुसऱ्या कुणाच्या डब्यातून उरलेले असतील. दोन्ही गोष्टी वाईटच.

एका बाजूचा ब्रेक जास्त लागला तर काय होतं, हे शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाची ब्रेक पेडलं वेगवेगळी असतात. नांगरताना बांधाशी आलं की चालक एकाच बाजूचं पेडल दाबतो, ते चाक थांबतं आणि ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी वळतो. शेतात ही सोय आहे. पण तोच ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला की दोन्ही पेडलं जोडणारी कडी लावायलाच हवी. ती न लावता वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो, उलटतोही. कारच्या दोन चाकांना कमी-जास्त पकडीचे पॅड बसवले की तीच वळवणारी ताकद थोड्या प्रमाणात गाडीत आपण हाताने भरून ठेवतो.

इथे काही जण एक रास्त शंका काढतात. पेडल एकच, मास्टर सिलिंडर एकच, ऑइलचा दाब दोन्हीकडे सारखा. मग एक पॅड दहा मिलिमीटरचा आणि दुसरा चार मिलिमीटरचा असला तर काय बिघडलं? शंका बरोबर आहे. नुसत्या जाडीने पकड बदलत नाही. पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि पॅडला तितकाच दाब देतो. फरक पडतो तो पॅडच्या घासणाऱ्या तोंडामुळे. जुन्या पॅडचं तोंड त्या डिस्कच्या चरांशी हजारो किलोमीटर घासून बसलेलं असतं. घाटात तापून तापून त्यावर काचेसारखी गुळगुळीत तकाकीही आलेली असू शकते. नवा पॅड सपाट असतो. जुन्या डिस्कवर सुरुवातीला तो काही उंचवट्यांवरच टेकतो आणि पूर्ण बसेपर्यंत त्याची पकड वेगळी राहते. त्यात दोन पॅड दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या मसाल्याचे असतील, तर थंड असताना एक वागणूक आणि तापल्यावर दुसरी. दाब सारखा असूनही डावीकडे आणि उजवीकडे ओढ वेगळी पडते.

ड्रम ब्रेकमध्ये हा फरक आणखी वाढतो. ड्रम फिरताना पुढचा शू स्वतःच ड्रममध्ये ओढला जातो आणि आपल्या पायाची ताकद वाढवतो. ड्रमची खुबी हीच, आणि अडचणही हीच. घर्षणातला छोटा फरकसुद्धा तिथे मोठा होऊन बाहेर पडतो. म्हणून मागच्या ड्रममध्ये एका बाजूला नवे लायनर आणि दुसऱ्या बाजूला जुने, ही जोडणी मला पुढच्या पॅडच्या जोडणीपेक्षाही जास्त खटकते. मागचं एक चाक ओल्या रस्त्यावर आधी जाम झालं की गाडीची शेपूट फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्या ड्रायव्हरला जमत नाही.

ब्रेकच्या मसाल्याची पकड मोजण्याची अक्षरं असतात. बऱ्याच पॅडच्या आणि लायनरच्या कडेवर किंवा पाठीवर इंग्रजीत लांबलचक कोड छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी ईई, एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. आता पाहा, एकाच एफ अक्षराच्या पोटात 0.36 चा पॅडही बसतो आणि 0.44 चाही. म्हणजे 'दुसऱ्या बाजूचाच ग्रेड आणलाय, काळजी करू नका' असं दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, तरी दोन कंपन्यांच्या मालात पाचवा हिस्सा फरक राहू शकतो. एकाच डब्यातले चार पॅड बसवले की हा प्रश्नच उरत नाही.

'मी एकच बाजू बदलली होती, काही झालं नाही,' असं सांगणारा प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक गावात भेटतो. त्याचं खरंही असतं. सिग्नलला हळू ब्रेक लावताना, कोरड्या रस्त्यावर, पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत थोडी ओढ हाताला जाणवत नाही. आजच्या बहुतेक कारची पुढची चाकं अशा कोनात बसवलेली असतात की थोडाफार असमतोल स्टीअरिंगपर्यंत पोचू नये. पण न जाणवणं म्हणजे नसणं नव्हे. फरक बाहेर येतो तो पाय पूर्ण ताकदीने पेडलवर पडल्यावर, रस्ता ओला असताना किंवा ब्रेक तापलेले असताना. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. लेन साडेतीन मीटर रुंद असते. समोरून एसटी येत असताना गाडी मीटरभर सरकायला किती कमी वेळ पुरतो, याचा हिशोब तुम्हीच करा.

एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चाक जाम होऊ लागलं की त्या चाकाचा दाब कमी करणं हे एबीएसचं काम. ज्या बाजूच्या पॅडमध्ये पकडच नाही, तिथे पकड आणून देणं त्याच्या हातात नाही.

आता या विषयातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, आणि माझी विनंती आहे की बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे लक्षात ठेवा. दोन्ही चाकं एकाच गाडीची, एकाच वेगाने फिरलेली, एकाच पायाने थांबवलेली. मग एका बाजूचेच पॅड का संपले? मिस्त्री विचारतो, एक टाकू की दोन. तुम्ही त्याला विचारा की हे एवढंच का झिजलं. नीट चालणाऱ्या ब्रेकमध्ये डावी-उजवी झीज जवळपास सारखी असते. ठळक फरक दिसला तर कुठेतरी काहीतरी अडकलं आहे, आणि ते शोधल्याशिवाय चार नवे पॅड टाकले तरी काही हजार किलोमीटरमध्ये तेच चाक पुन्हा संपेल.

कुठे अडकतं? बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. या पिनांवर रबराची टोपणं असतात. ती फाटली की पाणी आणि माती आत जाते, ग्रीस सुकतं, पिन गंजून धरते. मग पिस्टनकडचा आतला पॅड जास्त घासतो आणि बाहेरचा कमी. म्हणजे एकाच चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा जाडजूड, असं दिसलं तर पहिला संशय पिनांवर घ्या. इलाज स्वस्त आहे. पिना काढून साफ करणं, ब्रेकसाठीचंच सिलिकॉनचं ग्रीस लावणं, रबरं नवी टाकणं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका. ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात आणि पिन पुन्हा धरते. हाच नियम ब्रेक ऑइलच्या टाकीलाही लागू आहे. तिथे चुकून स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल पडलं तर सगळे सील निकामी होतात.

पिना मोकळ्या असतील तर पिस्टन बघायचा. त्याच्याभोवतीचं रबर फाटून आत गंज धरला की पिस्टन पुढे जातो, पण पाय काढल्यावर मागे येत नाही. ते चाक रात्रंदिवस किंचित ब्रेक लावूनच पळतं. पॅड झिजतात, डिस्क तापते, पेट्रोलही जास्त जातं. तिसरी जागा म्हणजे चाकाकडे जाणारा रबरी पाइप. बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून फुगून बारीक झालेला असतो. पाय दाबला की ऑइल जोराने आत जातं आणि परत यायला वाट मिळत नाही. परिणाम पिस्टन धरल्यासारखाच दिसतो आणि कॅलिपर उगाच बदलला जातो. ड्रममध्ये व्हील सिलिंडरची गळती बघायची. ऑइल लायनरवर आलं की ती बाजू धरायचीच बंद होते. असे भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत अजून चालते. ती मोडायला हवी. मसाल्यात मुरलेलं ऑइल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. सिलिंडर दुरुस्त करा आणि लायनर दोन्ही बाजूंचे नवे टाका.

किनारपट्टीवर हा त्रास जास्त. मुंबई, रत्नागिरी, मालवण, गोव्यातल्या खाऱ्या हवेत पिना आणि पिस्टन लवकर गंजतात. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्यांची जी गाडी एरवी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते, तिची अवस्था रोज पळणाऱ्या टॅक्सीपेक्षा वाईट निघते, कारण न वापरलेला ब्रेक जास्त अडकतो. इलेक्ट्रिक गाड्यांनाही हेच लागू आहे. त्यांचा वेग बराचसा मोटर आवरते, ब्रेक कमी लागतो, म्हणून पॅड दीर्घकाळ टिकतात आणि त्याच कारणाने पिना गंजून बसतात. 'पॅड शिल्लक आहेत' एवढं बघून इलेक्ट्रिक गाडी परत पाठवू नका. वर्षातून एकदा पिना काढून साफ करून घ्या.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात स्टीअरिंग हलकं धरून ब्रेक लावा. ब्रेक न लावताही गाडी एकीकडे जात असेल तर आधी टायरमधली हवा आणि अलाइनमेंट बघा. रस्त्याचा उतारही बघा, कारण आपल्याकडे रस्ता मध्यावर उंच आणि डावीकडे उतरता असतो, त्यामुळे किंचित डावी ओढ स्वाभाविक असते. ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर दोष ब्रेकचा. आणि ध्यानात ठेवा, गाडी ज्या बाजूला ब्रेक जास्त लागतो तिकडे ओढते. डावीकडे ओढली तर कमजोर बाजू बहुधा उजवी असते. दुसरी खूण म्हणजे उष्णता. फारसे ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि तळहात चाकांच्या जवळ न्या, धातूला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलं असेल, किंवा एका रिमवर काळी भुकटी जास्त बसत असेल, तर ते चाक खोलून घ्या.

जोडीचा आग्रह धरतो म्हणून सगळंच दोन-दोन बदला असं मी म्हणत नाही. कॅलिपर एकच बिघडला तर एकच बदलला तरी चालतो, दुसरा मोकळा सरकतो आहे हे हाताने तपासून. पॅड मात्र तेव्हाही दोन्हीकडचे नवे. व्हील सिलिंडरचंही तसंच, पण दुसरा त्याच वयाचा असतो आणि स्वस्त असतो, म्हणून ड्रम उघडलाच आहे तर मी दोन्ही बदलायला सांगेन. रबरी पाइप वयाने म्हातारे होतात आणि दोन्हीचं वय एकच असतं, तेव्हा तेही जोडीनं. एबीएसचा सेन्सर, हवा काढायचं निप्पल, हँडब्रेकची एक तुटलेली केबल, हे सामान एकेकटं बदलायला हरकत नाही. त्यांच्यावर गाडी थांबवताना डावी-उजवी पकड ठरत नाही.

डिस्कच्या बाबतीत फसवणूकही होते आणि कंजूषीही. प्रत्येक वेळी पॅडबरोबर डिस्क बदलायची गरज नसते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, साधारणपणे नव्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटरच कमी. मिस्त्रीला मोजायला सांगा, दोन-चार ठिकाणी, तुमच्यासमोर. त्या आकड्याच्या वर असेल, तडे नसतील, पेडल थरथरत नसेल तर डिस्क राहू द्या. खाली गेली असेल तर दोन्ही बदला, एक अजून काठावर पास होत असली तरी. पातळ डिस्क लवकर तापते आणि जाड डिस्क सावकाश, आणि घाट उतरताना दोघींची पकड एकसारखी राहत नाही. अपवाद एकच. दोन्ही डिस्क नुकत्याच नव्या टाकल्या आणि दगड लागून किंवा अपघातात एक खराब झाली, तर त्याच कंपनीची एक टाकली तरी चालेल. लेथवर घासून घ्यायची असेल तर दोन्ही घासा. ड्रमलाही तेच. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. एक ड्रम लेथवर मोठा झाला आणि दुसरा तसाच राहिला तर एकच लायनर दोन्हीकडे सारखा टेकणार नाही.

मोटारसायकल आणि स्कूटरवाल्यांचा प्रश्न वेगळा. तिथे पुढचं आणि मागचं चाक एकमेकांची जोडी नव्हे. पुढच्या डिस्कचे दोन पॅड एकदम बदलायचे, मागच्या ड्रमचे दोन शू एकदम, पण पुढचं काम निघालं म्हणून मागचं काढायची गरज नाही. पुढे दोन डिस्क असलेल्या मोठ्या मोटारसायकलला दोन्ही कॅलिपरचे पॅड एकत्र टाकायचे. रिक्षाची मागची दोन चाकं ही जोडी, पुढचं एकटं. रिक्षात माणसं बसतात ती मागच्या दोन चाकांवरच, आणि ओल्या रस्त्यावर एक मागचं चाक आधी धरलं तर तीन चाकांच्या गाडीला सावरायला जागा फारच कमी उरते. रिक्षाचालक बांधवांना म्हणून कळकळीने सांगतो, दिवसाचा धंदा बुडू नये म्हणून एका बाजूचे लायनर टाकून निघू नका. ट्रक आणि मोठ्या टेम्पोत एअर ब्रेक असतात. तिथे लायनरबरोबर दोन्ही बाजूंचं अॅडजस्टमेंटही सारखं लागतं. एका बाजूचा स्लॅक अॅडजस्टर सैल राहिला तर नवे लायनरही उपयोगाचे नाहीत.

हे सगळं कसाला लागतं ते घाटात. महाबळेश्वर 1,353 मीटर उंचीवर आहे आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हजार मीटरहून जास्त खाली यावं लागतं. माणसं आणि सामान धरून 1,200 किलोची गाडी हजार मीटर खाली येते तेव्हा सव्वातीन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवेत जाते, काही टायरमध्ये. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळपास सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. अशा वेळी एका बाजूचा जुना, तकाकी आलेला पॅड आधी हार मानतो आणि दुसरी बाजू गाडी आपल्याकडे खेचते, तीही नेमकी वळणावर. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि पॅडच्या कामाबरोबर ब्रेक ऑइलचंही वय विचारा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं मात्र 140 च्या आसपास उकळू शकतं. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढून घ्या.

काम झाल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत मोठी चूक होऊ शकते. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे ढकललेला असतो. पहिल्यांदा पेडल दाबलं की पाय थेट तळाला जातो. गाडी सुरू करून गॅरेजबाहेर काढण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबा, ते घट्ट लागेपर्यंत. मिस्त्रीने केलं असेलच, तरी तुम्ही पुन्हा करा. मग पहिले दोन-तीनशे किलोमीटर समंजसपणे चालवा. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून हळूहळू दहापर्यंत आणा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या, असं काही वेळा करा. पॅडचं तोंड डिस्कवर बसतं. नव्या पॅडवर लगेच घाटात जाऊ नका. सणाला गावी जायच्या आदल्या संध्याकाळी ब्रेकचं काम काढू नका, आठवडाभर आधी काढा. आणि चाक खोलल्यावर ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने उडवायची सवय बंद करायला सांगा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरलं जायचं आणि नव्यांची धूळही फुप्फुसाला चांगली नाही. ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. मिस्त्रीकडचा पोरगा दिवसभर तीच हवा घेत असतो.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या कारची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. तिथे एका धुरीच्या कमजोर चाकाची ब्रेकची ताकद दुसऱ्याच्या 70 टक्क्यांहून कमी भरली तर गाडी नापास होते. आपल्याकडे व्यावसायिक गाड्यांना फिटनेस घ्यावा लागतो. खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिचे डावे-उजवे ब्रेक मोजायला कुणी बोलावत नाही. ते तुम्हालाच करायला हवं. दर दहा हजार किलोमीटरला सगळी चाकं खोलून पॅडची जाडी बघा. मसाला तीन मिलिमीटरवर आला की बदलायची तयारी करा. घासल्याचा किर्र आवाज येईपर्यंत थांबू नका. काही पॅडला आवाज करणारी पत्र्याची जीभ असते आणि बऱ्याचदा ती फक्त आतल्याच पॅडला असते. बाहेरचा आधी संपला तर ती गप्पच राहते. तारीख, किलोमीटर आणि चारही चाकांची जाडी सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. डावा-उजवा फरक त्या आकड्यांतच आधी दिसतो.

'मग दुसऱ्या बाजूचे अर्धे उरलेले पॅड वाया गेले,' ही हळहळ मला समजते. छोट्या कारच्या पुढच्या पॅडचा सेट साधारण हजार-दोन हजारांच्या घरात येतो आणि एका बाजूचे वाचवले तर त्यातले अर्धेही वाचत नाहीत, कारण डबा तर पूर्णच घ्यावा लागतो. शिवाय पॅड पत्र्याला लागून डिस्क खराब झाली की तो खर्च याच्या कितीतरी पट. तेव्हा डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, किंमत आणि मॉडेल छापलेलं आहे ना ते बघा, चारही पॅड तुमच्याच गाडीला लागू द्या. काढलेले चारही जुने पॅड मागून घरी न्या. अर्धे शिल्लक असलेले पॅड गॅरेजच्या फळीवर ठेवले की ते उद्या एखाद्या घाईतल्या माणसाच्या एकाच चाकाला लागतात. ते थेट भंगारवाल्याला द्या.